मागल्या आंसावरचा तेलाचा डाग

घाटमाथ्यावर मालमोटार क्षणभर थांबली कीं अनुभवी चालक खालीं उतरतो आणि गाडीभोंवतीं एक फेरी मारतो. टायरांवर लोखंडी पहार ठोकून तो आवाज ऐकतो, मालावरचे दोर ओढून पाहतो, आणि शेवटीं वांकून मागल्या चाकांमधील लोखंडी पेटीकडे नजर टाकतो. त्या पेटीखालीं काळपट, घट्ट तेलाचा ताजा ठिपका दिसला तर त्याच्या कपाळाला आठी पडते. ठिपका बोराएवढाच असतो. परंतु तें तेल चाकाच्या अंगानें ब्रेकपर्यंत पोंचलें असेल तर पुढील उतारावर कित्येक टनांचें ओझें कशाच्या बळावर आवरावयाचें, हा प्रश्न त्या ठिपक्यांत सांठविलेला असतो.

ज्या पेटींतून हें तेल येतें तिला डिफरन्शियल म्हणतात. तिचा इतिहास जवळजवळ दोनशें वर्षांचा आहे, आणि त्याचे दोन भाग पडतात. एकाच आंसावरील दोन चाकांना निरनिराळ्या वेगानें फिरूं द्यावयाचें कसें, हा पहिला प्रश्न होता. तो एका कल्पक कारागिरानें एका पेटंटांत सोडविला. फिरणाऱ्या चक्रांना लागणारें तेल पेटींत कोंडून ठेवावयाचें कसें, हा दुसरा प्रश्न. तो सुटावयास शंभर वर्षें लागलीं; आणि खरें पाहतां जुन्या गाडीखालीं निजणाऱ्या प्रत्येक मिस्त्रीला तो आजही नव्यानें सोडवावा लागतो.

पहिल्या प्रश्नाचें स्वरूप बैलगाडीवरून सहज ध्यानांत येतें. बैलगाडीचीं दोन्ही चाकें आंसाभोंवतीं मोकळीं फिरतात. वळणावर बाहेरचें चाक अधिक धावतें, आंतलें कमी धावतें. कोणी कोणाला अडवीत नाहीं, कारण ओढणारे बैल पुढें असतात व चाकांना नुसतें गडगडत जावयाचें असतें. परंतु जेव्हां यंत्रानें चाकेंच फिरवावयाचीं असतात, तेव्हां चाक आणि आंस यांचा संबंध पक्का करावा लागतो, आणि तेथेंच अडचण उत्पन्न होते. दोन चाकांमध्यें १.८ मीटर अंतर असलेली गाडी घाटांतील अर्धवर्तुळाकार वळण घेते, तेव्हां बाहेरचें चाक आंतल्या चाकापेक्षां साडेपांच मीटरांहून थोडी अधिक वाट चालतें. दोन्ही चाकें एकाच दांड्यावर जखडलेलीं असतील तर एकाला फरपटत जावें लागेल, टायर झिजतील, आणि आंस पिळवटून निघेल.

या अडचणींतून सुटण्याची युक्ति घड्याळजींना आधींच ठाऊक होती. दोन निराळ्या गतींची बेरीज किंवा वजाबाकी करणारी दंतचक्रांची रचना लंडनच्या जोसेफ विल्यमसन यांनीं इ. स. १७२० सालीं घड्याळांत योजिली होती. चीन देशांत प्राचीन काळीं दक्षिणदर्शक रथ असे. तो रथ कसाही वळला तरी त्यावरील पुतळ्याचा हात दक्षिणेकडेच राही, असें जुन्या ग्रंथांत वर्णन आहे. त्या रथांतही अशींच चक्रें असावींत, असा तर्क विसाव्या शतकांत इंग्रज अभियंते जॉर्ज लँचेस्टर यांनीं मांडला. रस्त्यावर धांवणाऱ्या यांत्रिक गाडीसाठीं ही रचना योजण्याचा मान मात्र पॅरिसच्या ओनेसिफोर पेकर यांस दिला जातो. पेकर हे तेथील कला व उद्योग यांच्या राष्ट्रीय संस्थेच्या कार्यशाळेचे प्रमुख होते. इ. स. १८२८ सालीं त्यांनीं वाफेवर चालणाऱ्या मालगाडीचें पेटंट घेतलें, आणि त्यांत मागल्या आंसावरील डिफरन्शियलची कल्पना स्पष्टपणें मांडली. यानंतर दोनच वर्षांनीं, १८३० सालच्या नोव्हेंबर महिन्यांत, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं बोर घाटांतील गाडीरस्ता खुला केला. यंत्र आणि रस्ता अशा रीतीनें एकाच काळांत जन्मास आले. त्यांची गांठ पडावयास मात्र बराच अवधि लागावयाचा होता.

पेकर यांच्या रचनेचें मर्म थोडक्यांत असें सांगतां येईल. आंस मधोमध तोडून त्याचे दोन तुकडे करावयाचे. प्रत्येक तुकड्याच्या आंतल्या टोकाला एक दंतचक्र बसवावयाचें. या दोन चक्रांच्या मध्यें, दोहोंच्या दांत्यांत दांते अडकवून, लहान चक्रें एका फिरत्या चौकटींत बसवावयाचीं, आणि यंत्राचा जोर त्या चौकटीला द्यावयाचा. सरळ रस्त्यावर मधलीं लहान चक्रें स्वतःभोंवतीं फिरत नाहींत. चौकट आणि आंसाचे दोन्ही तुकडे एकजीव होऊन फिरतात. वळणावर मात्र तीं लहान चक्रें स्वतःभोंवतीं फिरूं लागतात, आणि एका चाकाचा वेग जितका कमी होतो तितकाच दुसऱ्याचा वाढतो. दोन चाकांच्या वेगांची बेरीज नेहमीं चौकटीच्या वेगाच्या दुप्पट भरते. या युक्तींत एक दोषही आहे. जोर दोन्ही बाजूंना सारखाच वांटला जात असल्यामुळें एक चाक चिखलांत रुतलें तर तें जागच्या जागीं गरगर फिरत राहतें, आणि कोरड्या जमिनीवरील दुसरें चाक स्वस्थ उभें राहतें. पावसाळ्यांत कच्च्या रस्त्यावर हें दृश्य अनेकांनीं पाहिलेलें असतें.

वाफेच्या गाड्या रस्त्यावर फारशा रुळल्या नाहींत, आणि पेकर यांची युक्ति मागें पडली. तिचें पुनरुज्जीवन तीनचाकी सायकलीनें केलें. इंग्लंडांतील कॉव्हेंट्री शहरीं जेम्स स्टार्ले नांवाचे कुशल कारागीर सायकली बनवीत असत. एके प्रसंगीं ते आपल्या मुलाबरोबर दोघांनीं चालवावयाच्या गाडीवर बसले असतां, तरुण मुलाच्या पायांचा जोर अधिक पडून गाडी सारखी एका अंगाला ओढूं लागली, अशी कथा सांगतात. दोघांचा जोर एकत्र करून दोन्ही चाकांना सारखा वांटावा या विचारानें त्यांनीं १८७७ सालीं सायकलीला डिफरन्शियल बसविलें. पुढें १८८१ सालीं व्हिक्टोरिया राणीनेंही त्यांच्या बनावटीच्या तीनचाकी मागविल्या.

सायकलीवरून ही रचना मोटारींत आली. जर्मनींतील मानहाइम शहरीं कार्ल बेंझ यांनीं २९ जानेवारी १८८६ रोजीं आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. त्या गाडींत डिफरन्शियल होतें, परंतु तें मागल्या आंसावर नव्हतें. तें मधल्या एका आडव्या दांड्यावर होतें, आणि तेथून दोन साखळ्या मागल्या दोन चाकांकडे जात. १८८८ सालच्या ऑगस्टमध्यें बेंझ यांच्या पत्नी बेर्था ह्या आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइम या आपल्या माहेरगांवीं सुमारें १०६ किलोमीटर प्रवास करून गेल्या. वाटेंत उतारावर लांकडी ब्रेक झिजले, तेव्हां त्यांनीं एका खेड्यांतील चांभाराकडून त्यांवर चामडें ठोकून घेतलें. मोटारीच्या इतिहासांत चामड्याचा असा प्रवेश अगदीं पहिल्याच दूरच्या प्रवासांत झाला. तेंच चामडें पुढें तेल अडविण्याच्या कामीं यावयाचें होतें.

साखळीची पद्धति मालमोटारींत दीर्घकाळ टिकली. अमेरिकेंतील मॅक कंपनीची १९१६ सालीं निघालेली, पहिल्या महायुद्धांत नांवाजलेली मालमोटार साखळीवरच चाले, आणि ती दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभापर्यंत विकली जात होती. साखळी उघडी असे. तिला धूळ लागे, चिखल लागे, ती खडखड करी आणि लवकर झिजे. पण तिच्यांत बिघाड कोठें आहे हें डोळ्यांनीं दिसे. दुसरा मार्ग फ्रान्समध्यें लुई रेनो यांनीं दाखविला. १८९८ सालच्या नाताळाच्या आदल्या दिवशीं पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवरील चढाच्या रस्त्यानें त्यांनीं आपली लहानशी मोटार वर नेऊन दाखविली. तिच्यांत साखळी नव्हती. यंत्रापासून निघालेला एक दांडा सरळ मागल्या आंसापर्यंत जाई, आणि तेथें दंतचक्रांच्या साहाय्यानें काटकोनांत वळून चाकांना जोर देई. हळूहळू हीच पद्धति सर्वत्र झाली. दंतचक्रें बंद पेटींत गेलीं, पेटींत तेल भरलें गेलें, आणि ज्या ठिकाणीं फिरता दांडा पेटीच्या भिंतींतून बाहेर पडतो त्या ठिकाणीं गळतीचा जन्म झाला.

कारण अडचण अशी आहे. स्थिर भिंतींतून स्थिर नळी बाहेर काढावयाची असेल तर फट डांबरानें किंवा शिशानें बुजवितां येते. येथें भिंत स्थिर असते आणि दांडा मिनिटास शेंकडों किंवा हजारों फेरे घेतो. फट घट्ट बुजविली तर घर्षणानें जळून जाते. सैल सोडली तर तेल बाहेर येतें आणि धूळ आंत शिरते. पुढें इतर सुधारणा झाल्या त्यांनीं हें काम अधिकच अवघड केलें. हेन्री टिमकेन या घोडागाड्या बनविणाऱ्या अमेरिकन कारखानदारांनीं १८९८ सालीं निमुळत्या रुळांच्या बेअरिंगचें पेटंट घेतलें. त्यामुळें दांडा मोठा भार सोसून हलका फिरूं लागला, परंतु त्या बेअरिंगला वंगण सतत मिळणें अगत्याचें झालें. रॉचेस्टर येथील ग्लीसन कारखान्यानें १९२५ च्या सुमारास हायपॉइड नांवाचीं दंतचक्रें प्रचारांत आणलीं. त्यांत पिनियन, म्हणजे पुढचें लहान चक्र, मोठ्या क्राऊन चक्राच्या मध्याखालीं बसतें. गाडीचा दांडा खालीं येतो आणि चक्रें आवाज कमी करतात. परंतु दांते एकमेकांवर नुसते टेकत नाहींत, ते एकमेकांवरून घासत सरकतात. त्या दाबाखालीं साधें तेल टिकत नाहीं. म्हणून गंधक, स्फुरद इत्यादिकांचीं संयुगें घातलेलें विशेष तेल निघालें. या तेलाचा उग्र गंधकी वास एकदां नाकांत बसला कीं विसरत नाहीं, आणि पुढें दिसून येईल कीं गळती ओळखण्यास तो वासही उपयोगी पडतो.

तेल अडविण्यासाठीं आरंभीं लोंकरीच्या नमद्याचीं किंवा चामड्याचीं कडीं दांड्याभोंवतीं बसवीत. चामडें तेल पिऊन मऊ राहतें आणि फिरत्या दांड्याला हळुवारपणें बिलगतें. शिकागो येथें १८७८ सालीं चामड्याचे यंत्रपट्टे बनविण्यासाठीं निघालेली एक कंपनी मोटारयुगांत चामड्याचीं तेलरोधक कडीं बनवूं लागली. जर्मनींतील वाइनहाइम गांवीं फ्रॉइडेनबर्ग घराण्याचा १८४९ सालापासून चामडें कमावण्याचा मोठा कारखाना होता. १९२९ सालीं जगावर आर्थिक मंदीचें संकट आलें, चामड्याचा खप बसला, आणि कारखान्यानें चामड्याच्या सीलांचा नवा धंदा हातीं घेतला. तेथील अभियंते वॉल्थर सिमर यांनीं धातूच्या कोंदणांत ओठासारखें कडें व त्याभोंवतीं बारीक स्प्रिंग अशी रचना केली. तिला त्यांच्या नांवावरून सिमररिंग हें नांव मिळालें.

चामड्याची जागा रबरानें घ्यावी हें सुचण्यासारखें होतें, पण झाडापासून मिळणारें रबर खनिज तेलांत फुगतें आणि कुजल्यासारखें होतें. या कामास कृत्रिम रबराची वाट पाहावी लागली. अमेरिकेंतील ड्यूपाँ कंपनीनें १९३१ सालीं निओप्रीन जाहीर केलें, आणि त्याच दशकांत जर्मन रसायनज्ञांनीं तेलाला दाद न देणारें नायट्राइल रबर सिद्ध केलें. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑइल सील म्हटलें कीं रबरी ओठाचें कडें हेंच डोळ्यांपुढें येऊं लागलें. हा ओठ दांड्याला कोरडा घासत नाहीं. त्या दोहोंमध्यें तेलाचा अतिशय पातळ थर असतो, आणि तरीही तेल बाहेर पडत नाहीं, हें इंग्रज संशोधक ई. टी. जॅगर यांनीं १९५७ सालीं प्रयोगानें दाखविलें. अशा सीलाला उडणारें तेल अडवावयाचें असतें. पेटींतील दाब अडविण्यासाठीं तें केलेलें नसतें. दुरुस्तीची अर्धी विद्या या एका गोष्टींत आहे.

या विद्येचें महत्त्व युद्धानें जगाला शिकविलें. १९४४ सालीं २५ ऑगस्टपासून १६ नोव्हेंबरपर्यंत फ्रान्समध्यें अमेरिकन सैन्याला पेट्रोल व दारूगोळा पुरविण्यासाठीं मालमोटारींची अखंड रांग धांवत होती. रेड बॉल एक्सप्रेस या नांवानें ती प्रसिद्ध आहे. तिच्या चालकांपैकीं सुमारें तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय सैनिक होते. रात्रंदिवस गाड्या पळविल्यामुळें तेलपाणी तपासण्यास उसंत मिळेना, आणि शत्रूच्या गोळीविना कित्येक गाड्या निकामी झाल्या. देखभालीचे धडे सैनिकांनीं कंटाळा न करतां वाचावे म्हणून अमेरिकन सैन्याच्या मासिकांत विल आयस्नर या चित्रकारांनीं हास्यचित्रांतून ते धडे दिले. नदीओढे ओलांडणाऱ्या गाड्यांच्या बाबतींत आणखी एक धोका असतो. चालून तापलेला आंस थंड पाण्यांत बुडला कीं पेटींतील हवा आकुंचन पावते व सीलाच्या ओठावरून पाणी आंत ओढून घेते. मग तेल दुधासारखें पांढरट होतें आणि बेअरिंगें गंजतात.

महाराष्ट्राचा या यंत्राशीं संबंध आला तो मुंबईच्या द्वारानें. जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं शिवडी येथें मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला. शेठ वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनें १९४७ सालीं कुर्ल्यास काम सुरू केलें. १९५४ सालीं टाटांच्या कारखान्यानें डायमलर-बेंझ या जर्मन कंपनीच्या सहकार्यानें जमशेटपुरास मालमोटारी बांधावयास आरंभ केला; म्हणजे मानहाइमच्या कार्ल बेंझ यांचा वारसा भारतीय रस्त्यांवर आला. गाड्यांबरोबर शब्दही आले. क्राऊन, पिनियन, हौसिंग, ऑइल सील हे शब्द रस्त्याकांठच्या मिस्त्रींच्या तोंडीं रुळले, आणि जे कारागीर इंग्रजी शाळेंत कधीं गेले नाहींत ते या शब्दांमागील शास्त्र हातानें शिकले.

हें शास्त्र असें आहे कीं तेल जेथें टपकतें तेथें दोष असेलच असें नाहीं. गाडी धांवत असतां वारा तेलाला मागें ढकलतो, वजन त्याला खालीं ओढतें, आणि पुढल्या सीलांतून निघालेला थेंब पेटीच्या तळाशीं लोंबतो. म्हणून शहाणा मिस्त्री प्रथम पाना हातीं घेत नाहीं. तो आधीं बोटावर तेल घेऊन वास पाहतो. गंधकी वास आला तर तें डिफरन्शियलचें किंवा गिअरपेटीचें. वास तसा नसून तेल पातळ व काजळीनें काळें असेल तर तें इंजिनाचें, वाऱ्यानें मागें आलेलें. मग तो आंसाची पेटी रॉकेलनें धुऊन, पुसून कोरडी करतो, तिच्यावर खडूची भुकटी लावतो, आणि गाडी थोडी फिरवून आणतो. पांढऱ्या भुकटीवर ओली रेघ जेथून सुरू झालेली दिसेल, सर्वांत उंच आणि सर्वांत पुढें, तेथें गळतीचें उगमस्थान. ही युक्ति जुनी आहे. एकोणिसाव्या शतकांत रेल्वेच्या कारखान्यांत आंसांतील बारीक चिरा शोधण्यासाठीं आंस तेलांत बुडवून, पुसून त्यावर खडूचा लेप देत. चिरेंत दडलेलें तेल बाहेर येऊन लेपावर रेघ उमटवी.

उगम सांपडला तरी लगेच सील बदलावयाचें नसतें. आधीं दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली तेलाची पातळी. गाडी सपाट जागीं उभी असतां तेल भरण्याच्या भोंकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल असावें, असा बहुतेक गाड्यांचा नियम आहे. प्रेमानें अधिक ओतलेलें तेल वाट काढून बाहेर येणारच. दुसरी गोष्ट श्वासाची. पेटीच्या वरच्या अंगाला ब्रीदर नांवाचें एक लहानसें बूच असतें. त्याच्या बारीक छिद्रांतून आंतली हवा बाहेर जाते. गाडी चालून पेटी ३० अंशांवरून ९० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापली, आणि तें छिद्र चिखलानें बुजलेलें असेल, तर आंतल्या हवेचा दाब सुमारें एक पंचमांशानें वाढतो. हा दाब सीलाच्या ओठावर पडतो आणि नव्याकोऱ्या सीलांतूनही तेल बाहेर ढकलतो. एकाच गाडीचें सील वरचेवर बदललें जातें, दुकानदाराच्या मालास दोष दिला जातो, आणि वर हात घालून ब्रीदर फिरवून पाहण्याचें कोणास सुचत नाहीं, असें पुष्कळदां घडतें.

यानंतरही गळती राहिली तर ती चार ठिकाणीं असूं शकते. पेटीच्या दोन भागांमधील सांध्याचें पॅकिंग बसलेलें असेल किंवा तेथील बोल्ट ढिले झालेले असतील. हें सर्वांत सोपें. तेल काढून टाकण्याच्या बुचाचा वायसर खराब असेल, किंवा पेटीलाच चीर गेलेली असेल. पुढल्या बाजूस पिनियनचें सील गेलें असेल. तसें असल्यास फिरत्या फ्लँजनें उडविलेलें तेल गाडीच्या तळाला आडव्या पट्ट्यासारखें लागलेलें दिसतें. किंवा चाकाच्या हबमधील सील गेलें असेल. तेव्हां चाकाच्या आंतल्या अंगाला आणि टायरवर तेलाचे ओघळ दिसतात, आणि हीच गळती सर्वांत घातक असते.

पिनियनचें सील बदलतांना गाडीच्या चाकांना पुढेंमागें लांकडी ओंडके लावणें हें पहिलें काम. पुष्कळ जुन्या मालमोटारींचा हातब्रेक गिअरपेटीच्या मागें असतो. मधला दांडा सोडला कीं तो ब्रेक चाकांना धरून ठेवीत नाहीं, आणि खालीं निजलेल्या माणसावर गाडी घरंगळूं शकते. दांडा सोडण्यापूर्वीं त्यावर व फ्लँजवर खुणा करतात, म्हणजे परत जोडतांना तो पूर्वींच्याच जागीं बसतो. मग फ्लँज हातानें धरून वरखालीं हलवून पाहतात. ती डुगडुगली तर बेअरिंग झिजलेलें आहे, आणि डुगडुगणाऱ्या दांड्यावर कोणतेंही सील टिकणार नाहीं. तेव्हां पेटी उघडावीच लागते. डुगडुग नसेल तर फ्लँज काढून, सील ज्या जागीं टेकतें त्या जागेवरून नख फिरवितात. नख अडकलें तर तेथें खांच पडलेली आहे, असें समजावें. वर्षानुवर्षें मऊ रबर आणि त्यांत अडकलेली धूळ मिळून पोलादालाही कापतात. अशा फ्लँजवर पातळ पोलादी बाही चढवितात किंवा ती बदलतात. नवें सील ओठ आंत, तेलाकडे, ठेवून बसवितात. ओठाला आधीं तेल लावतात, आणि चोहोंकडून सारखें ठोकून तें सरळ जाईल अशी काळजी घेतात. शेवटची चक्की आंवळतांना नवशिके बहुधा चुकतात. ज्या गाड्यांत बेअरिंगांचा ताण त्या चक्कीवर अवलंबून असतो, त्यांत ती अंगांतील बळ लावून आंवळली तर बेअरिंगें थोड्याच दिवसांत जळतात. म्हणून कारखान्यानें सांगितलेलें मापच प्रमाण मानावें लागतें.

हबच्या गळतींत काम येथें थांबत नाहीं. मालमोटारीच्या आंसाची रचना अशी असते कीं भार हब सोसतो आणि आंसाचा दांडा फक्त फिरवितो. पेटींतलें तेल त्या दांड्याबरोबर हबच्या बेअरिंगांपर्यंत पोंचतें. आंतलें सील गेलें कीं तेल ब्रेकच्या ड्रममध्यें उतरतें आणि ब्रेकच्या पट्ट्या भिजतात. त्या पट्ट्या पेट्रोलनें धुऊन, उन्हांत वाळवून पुन्हां बसविण्याचा मोह होतो, कारण नव्या पट्ट्यांना पैसे पडतात. पण पट्टींत मुरलेलें तेल ब्रेक तापला कीं पुन्हां वर येतें. सपाट रस्त्यावर कळून येत नाहीं. घाटांत, जेथें ब्रेक तापतो, तेथेंच तें दगा देतें. एका चाकाचा ब्रेक निसटतो, दुसऱ्याचा धरतो, आणि गाडी एका अंगाला ओढली जाते. म्हणून भिजलेल्या पट्ट्या टाकून द्याव्या लागतात, आणि एका बाजूच्या बदलल्या तर त्याच आंसाच्या दुसऱ्या बाजूच्याही बदलाव्या लागतात.

पेकर यांच्या पेटंटापासून आजपर्यंत या पेटींत थोर बुद्धीची माणसें राबलीं. घड्याळजींचें गणित, सायकलवाल्याची युक्ति, चामडें कमावणाऱ्यांचा अनुभव, रसायनशाळेंतील रबर, हें सारें त्या काळ्या लोखंडी गोळ्यांत एकवटलें आहे. तरीही घाट उतरणाऱ्या गाडीची सुरक्षितता शेवटीं एका बारीक छिद्रावर आणि तें छिद्र साफ आहे कीं नाहीं हें पाहणाऱ्या माणसावर अवलंबून राहते. घाटमाथ्यावर वांकून पाहणारा चालक हें सर्व इतिहासरूपानें जाणत नसेल. त्याला इतकें ठाऊक असतें कीं जमिनीवर तेल दिसलें तर आधीं तें कोठून आलें हें शोधावें, आणि तें ब्रेककडे गेलें असेल तर माल उशिरा पोंचला तरी चालेल, पण गाडी घाटांत घालूं नये.